दोर धरणारी माणसे

नॉर्विचला जाणारा प्रवासी बहुधा तिथला किल्ला आणि कॅथीड्रल पाहून परततो. बाजारपेठेच्या कडेला उभे असलेले सेंट पीटर मॅनक्रॉफ्टचे चर्च तो बाहेरूनच बघतो. मी मात्र त्याच्या मनोऱ्याचा चक्री जिना धापा टाकीत चढलो, तो घंटा वाजविणारी माणसे पाहण्यासाठी.

आपल्या देवळातल्या घंटेला कोणीही टोला द्यावा, अगदी बापाच्या कडेवरच्या पोरानेसुद्धा! इथे तसे नाही. इथली घंटा मोठ्या चाकावर बसविलेली असते. दोर ओढला की ती गर्रकन पुरी फिरते आणि पुन्हा तोंड वर करून थांबते. एका माणसाच्या हाती एकच दोर, म्हणजे एकच सूर. त्यामुळे गाणे असे वाजत नाही. दर फेरीला घंटांचा क्रम तेवढा बदलत जातो. एका फेरीत घंटेने फार तर एक जागा पुढे वा मागे सरकायचे. समोर कागद नाही, सारे तोंडपाठ. नजर शेजाऱ्याच्या दोरावर, कान आपल्या टोल्याकडे.

आता गणिताच्या प्राध्यापकांना विचारा, ते सांगतील की सात घंटांचे क्रम होतात ५०४०. एकही क्रम दोनदा येऊ न देता ते सारे याच मनोऱ्यात २ मे १७१५ रोजी ३ तास १८ मिनिटांत वाजविले गेले. तशी पाटीच भिंतीवर आहे. आपल्याकडे तेव्हा बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे मिळून जेमतेम दीड वर्ष झाले होते.

एवढ्या वेळात एकाचे जरी चित्त ढळले, तरी सगळ्यांचा डाव विस्कटतो. म्हणून ही मंडळी नवशिक्याला फार जपतात. दहा-बारा वर्षांची एक मुलगी दोर धरायला शिकत होती. पांढऱ्या केसांचे एक आजोबा तिच्या शेजारी हात पुढे करून उभे होते. दोघांत नाते काही नव्हते.

पहिल्या महायुद्धात असे सुमारे १४०० घंटावादक कामी आले. २०१८ साली, युद्धसमाप्तीच्या शताब्दीला, तितकीच नवी माणसे शिकवून तयार करण्याची मोहीम ब्रिटनमध्ये निघाली. स्मारकाची ही रीत मला फार आवडली.

आमच्या पुण्यातही, गुरुवार पेठेत पंचहौदाच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात, चाकावरच्या अशाच आठ घंटा आहेत. लफबरोच्या टेलर यांच्या कारखान्यात १८९३ साली ओतलेल्या! पण पुऱ्या फिरवून वाजविण्याची ती रीत इथे टिकली नाही. जहाजाचे भाडे भरले की घंटा पुण्याला पोहोचते. आठवड्यामागून आठवडे जिना चढून सराव करणारी आठ माणसे मात्र ज्या त्या गावालाच घडवावी लागतात.