यंदाचे पाच अल्बम

पुणे,
२८ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,



वर्ष सरत आलं, तेव्हा आपल्या रिवाजाप्रमाणे वर्षाची यादी पाठवते आहे. यंदा पाचच नावं आहेत. मागच्या वेळी फोनवर तू म्हणालास, की अल्बम हा प्रकारच आता उरला नाही, लोक सुटी गाणी ऐकतात आणि तीही अर्धी सोडून पुढे जातात. तुझं म्हणणं सरसकट खोटं नाही. पण २०२४ पुरतं तरी ते मला मान्य नाही, आणि का नाही तेच या पत्रात मांडते आहे.

अल्बम कशाला म्हणायचं याचं माप आपल्या घरात ‘कॉल ऑफ द व्हॅली’नं घालून दिलं. १९६७ सालची ती तबकडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला, आणि या सगळ्यांना एकत्र बसवणारे एचएमव्हीचे आपले जी. एन. जोशी. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. त्यातला भूप आधी आणि अहिरभैरव नंतर लावला तर सूर तेच राहतील, दिवस मात्र मोडेल. क्रम हलवल्यावर काहीतरी मोडतं तो अल्बम, आणि हलवूनही काही बिघडत नाही तो नुसता गाण्यांचा साठा, एवढीच माझी कसोटी.

या कसोटीवर यंदाची काही बडी नावं आपोआप गळली. टेलर स्विफ्टनं एप्रिलमध्ये सोळा गाण्यांचा अल्बम काढला आणि दोन तासांत त्याला आणखी पंधरा गाणी जोडली. त्यातली काही चांगली आहेत. पण ऑनलाइन ऐकण्यात प्रत्येक गाण्याचा आकडा वेगळा मोजला जातो, त्यामुळे जितकी गाणी जास्त तितका आकडा मोठा, हा हिशेब त्या एकतीस गाण्यांमागून सारखा डोकावत राहतो. असो.

माझ्या यादीतलं पहिलं नाव आरूज आफताबच्या ‘नाइट रेन’चं. ही बाई लाहोरची, राहते ब्रुकलिनमध्ये. २०२२ साली ग्रॅमी मिळाली तेव्हा ती मिळवणारी पहिली पाकिस्तानी कलाकार ठरली होती. नवा अल्बम मे महिन्याच्या अखेरीला आला. नावाप्रमाणे तिथे सगळं राज्य रात्रीचं आहे. गाणी उर्दू आणि इंग्रजी. तिचा आवाज खर्जाकडे झुकणारा, आणि तो कधी वर चढून टाळी मागत नाही. ‘ऑटम लीव्हज’सारखं जॅझवाल्यांनी हजारदा वाजवलेलं गाणंही ती असं काही गाते, की ओळखीच्या घरात अंधारात शिरल्यासारखं वाटतं.

तुला यातल्या ‘ना गुल’ आणि ‘साकी’ या दोन गाण्यांबद्दल मुद्दाम सांगायचं आहे. त्यांचे शब्द माहलका बाई ‘चंदा’ यांचे. १७६८ साली औरंगाबादेत जन्मलेली आणि हैदराबादेत निजामाच्या दरबारात मानानं वावरलेली ही कवयित्री आणि गायिका. ज्यांच्या नावावर स्वतःचा उर्दू दिवाण आहे अशा पहिल्या काही स्त्रियांमध्ये तिची गणना होते. निजामाबरोबर ती मोहिमांवर जाई, तिला जहागिरी होत्या, आणि तिची कबर मौला अलीच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. ती वारली १८२४ मध्ये. म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी, एका लाहोरच्या मुलीच्या गळ्यातून, विजय अय्यरच्या पियानोच्या सोबतीनं, मराठवाड्यात जन्मलेल्या बाईचे शब्द न्यूयॉर्कहून जगभर गेले. मराठीत याची फारशी बातमी झालेली मला तरी दिसली नाही. आरूज मात्र या शब्दांचा पुतळा करत नाही. ओळ म्हणते, थांबते, आणि पुढची जागा वाद्यांना देते. गझल गायकीतली हरकतींची आतषबाजी शोधायला गेलास तर निराश होशील. तिनं ती बुद्ध्याच टाळली आहे, आणि त्यामुळे शब्द अधिक ऐकू येतो.

दुसरा अल्बम तुझ्यातल्या तबलजीसाठी. बेथ गिबन्स, पोर्टिसहेड या बँडची गायिका. कॉलेजात असताना तू आणलेल्या त्या बँडच्या ‘डमी’च्या कॅसेटवर आई वैतागायची, आठवतं? त्या ‘डमी’ला यंदा तीस वर्षं झाली. एवढ्या काळात या बाईनं एका साथीदाराबरोबर एक अल्बम केला, गोरेत्स्कीची तिसरी सिंफनी गायली, पण संपूर्ण स्वतःचा असा स्टुडिओ अल्बम काढला तो आत्ता मे महिन्यात, ‘लाइव्ह्ज आउटग्रोन’. दहा गाणी, आणि ती करायला दहा वर्षांच्या वर काळ गेला. विषय सरळ आहेत: जवळची माणसं जाणं, शरीर बदलणं, पन्नाशी उलटल्यावर पुढचं आयुष्य मागच्यापेक्षा कमी उरलंय हे कळणं. आपल्या वयाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण मला त्यात धरून ठेवलं ते तालानं. पोर्टिसहेडचा सणसणीत ड्रम इथे मुद्दामच दूर ठेवला आहे. टॉक टॉक या बँडचा जुना ड्रमर ली हॅरिस इथे नेहमीचा संच सोडून डबे, पसरट कढई अशा घरगुती वस्तूही वाजवतो. त्यातून निघणारा नाद बोथट आणि जाड आहे. बायाँवर तळहात दाबून तू जो घुमारा काढायचास त्याच्या जवळचा. गाणाऱ्या आवाजात थकवा असेल तर त्याच्याखाली चकचकीत ताल शोभत नाही, हे त्या माणसाला कळलं आहे. ‘फ्लोटिंग ऑन अ मोमेंट’ या गाण्यात मध्येच मुलांचा कोरस येतो. मृत्यूबद्दलच्या गाण्यात मुलांचे आवाज घालणं ही स्वस्त युक्ती ठरू शकली असती. इथे ती ठरत नाही, कारण बेथ त्या मुलांवर गात नाही, त्यांच्या खालून गाते.

तिसरा आणि चौथा अल्बम जोडीनं ऐक. त्यातला पहिला ॲलिस कोल्ट्रेनचा ‘द कार्नेगी हॉल कॉन्सर्ट’. मैफल २१ फेब्रुवारी १९७१ ची, स्वामी सच्चिदानंदांच्या योगसंस्थेच्या मदतीसाठी झालेली. वुडस्टॉक महोत्सवाचं उद्घाटन करणारे तेच हे स्वामी. ध्वनिमुद्रण तेव्हाच झालं होतं, पण पुरी मैफल अधिकृतपणे बाहेर यायला २०२४ साल उजाडावं लागलं. दोन डबल बास, दोन ड्रमर, फॅरो सँडर्स आणि आर्ची शेप हे दोन सॅक्सोफोनवाले, शिवाय तंबोरा आणि हार्मोनियम. नवरा जॉन कोल्ट्रेन जाऊन तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. ॲलिस आधी हार्पवर स्वतःच्या रचना वाजवते, मग पियानोकडे वळून जॉनच्या ‘आफ्रिका’ आणि ‘लिओ’ या रचना घेते. हार्पच्या भागात सगळं झुळझुळत असतं. ‘आफ्रिका’ सुरू झाली की तीच मंडळी पेटून उठतात आणि जवळजवळ अर्धा तास थांबत नाहीत. हा क्रम उलटा करून बघ, आधीच्या शांततेला काही अर्थच राहत नाही.

त्याच्यामागोमाग गणव्याचा ‘डॉटर ऑफ अ टेंपल’ लाव. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली आणि तामिळनाडूत हरिकथेच्या परंपरेत वाढलेली ही गायिका. तिनं ह्यूस्टनला बऱ्याच कलाकारांना एकत्र बोलावून हा अल्बम केला, नोव्हेंबरात तो आला. ॲलिसनं पुढे कॅलिफोर्नियात आश्रम काढून जी भजनं बांधली, त्यांची सावली इथे स्पष्ट दिसते, आणि जॉनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’चा नामस्मरणासारखा वापर होतो. थोडा पसरट अल्बम आहे, मधे दोन जागी मला कंटाळाही आला. तरी यादीत ठेवला, कारण मोठमोठे पाहुणे बोलावूनही तिनं कोणालाच शोभेचा पाहुणा केलेलं नाही. सगळे भजनी मंडळातले टाळकरी होऊन बसलेत.

आता पाचवा. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणजे तबलावादक झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, यांच्याबद्दल लिहिणं आलं. सवाई गंधर्व महोत्सव सुरू व्हायला जेमतेम दोन-तीन दिवस असताना सॅनफ्रान्सिस्कोहून बातमी आली. याच वर्षी फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी घेणारा माणूस डिसेंबरात ७३ व्या वर्षी गेला. ती ज्यांना मिळाली ते ‘धिस मोमेंट’ आणि ‘ॲज वी स्पीक’ हे दोन अल्बम तुझ्या गेल्या वर्षीच्या यादीत होते, म्हणून मी इथे पुन्हा घेत नाही. बातमीनंतर जो तो त्यांचे रेले आणि तिहाया एकमेकांना पाठवत होता. तू मला कधी वेगळंच ऐकायला शिकवलं होतंस: बासरीची किंवा संतूरची आलापी संपून गत सुरू होताना झाकीर पहिला ठेका किती हलका धरतात, आणि समोरच्याची जागा आली की डाव्याचा आवाज कसा आवरतात. त्यांचं खरं मोठेपण मला त्या आवरण्यात दिसत आलं आहे.

चार्ल्स लॉइडच्या ‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’कडे मी त्याच वाटेनं आले. हा मेंफिसचा सॅक्सोफोनवादक झाकीरभाईंचा जुना सोबती. ‘संगम’ या त्रयीत २००६ साली आणि पुन्हा २०२२ मध्ये ‘सेक्रेड थ्रेड’मध्ये दोघं एकत्र ऐकायला मिळतात. नव्या अल्बममध्ये झाकीर नाहीत. पियानोवर जेसन मोरान, बासवर लॅरी ग्रेनेडियर, ड्रमवर ब्रायन ब्लेड. अल्बम निघाला १५ मार्चला, लॉइडच्या ८६ व्या वाढदिवशी. दोन तबकड्या, पंधरा रचना, दीड तास. एवढ्या लांबीत गर्दी कुठेच नाही. लॉइड दोन वाक्यं वाजवतो आणि बाजूला होतो. मग मोरान ती वाक्यं उचलून भलतीकडे नेतो, आणि म्हातारा ते ऐकत परत येतो. एक रचना शाळेतला मित्र बुकर लिटल याच्यासाठी आहे. तेवीस वर्षांचा असताना गेलेल्या त्या ट्रंपेटवादकाबद्दल लॉइड आज साठ वर्षांनी वाजवतो, आणि सुरात रडगाणं नाही. ब्लेडच्या ड्रमवर लक्ष ठेव. काठ्या कमी, ब्रश जास्त, आणि कित्येकदा फक्त झांजेच्या कडेवर एक स्पर्श. साथ करणं म्हणजे काय हे तुला नव्यानं सांगायची गरज नाही, पण यंदाच्या वर्षी त्याचा नमुना हवा असेल तर तो इथे आहे.

पाची अल्बम एकत्र का आवडले ते लिहिता लिहिता मलाही उमगलं. प्रत्येकाच्या वेष्टनावर एकाच व्यक्तीचं नाव आहे, आणि ती व्यक्ती आत कुठेच पुढे पुढे करत नाही. आरूज वाद्यांना जागा देते, बेथ मुलांच्या आवाजाला, ॲलिस गेलेल्या नवऱ्याच्या रचनांना, गणव्या ॲलिसला, लॉइड तिघा साथीदारांना. सुट्या गाण्यात एवढी उसंत नसते. पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकणाऱ्याला पकडायचं तर गाणारा मागे सरूच शकत नाही. दुसऱ्याला जागा द्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ अल्बमात मिळतो. म्हणून तो मेला असं मी म्हणणार नाही. तो घाईत असणाऱ्यांना दिसेनासा झाला आहे इतकंच.

क्रम लावायचाच झाला तर पहिली आरूज, दुसरा लॉइड, तिसरी बेथ, मग ॲलिस आणि शेवटी गणव्या. तुझा लॉइड पहिला येणार हे मला ठाऊक आहे, पण माहलका बाईंसाठी मी पहिला नंबर सोडणार नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. ‘नाइट रेन’ दिवसा लावू नकोस, आणि मधे फोन आला तर घेऊ नकोस.

तुझी,
धाकटी