तिसरी चढाई

राइस मिलचा काटा धान मोजण्यासाठी असतो. पौष लागला की आठ-दहा दिवस संध्याकाळी त्यावर पोरं चढतात. गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत खुल्या गटासोबत वजन गटही असतो, कुठे ५५ किलो, कुठे ६०. काट्यावर ६० किलो ४०० ग्रॅम भरलेला पोरगा स्वेटर चढवून तलावाच्या पाळीवर धावत सुटतो आणि तासाभराने परत येऊन उघड्या अंगाने पुन्हा काट्यावर उभा राहतो. मिलवाले म्हणतात, "गुरुजी, हे पोतं सुकून रायलं जी." सगळे हसतात. मी त्या पोराचे घोटे पाहत असतो.

आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं, वैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे आरमोरी, वडसा. १९८२ साली चांद्यातून, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून, गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि नदी ही जिल्ह्याची हद्द झाली, पण कबड्डीच्या मैदानाला ती कधी आड आली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. आता निवृत्त आहे. गेली बावीस वर्षं आमच्या मंडळाचा संघ मी निवडतो. काम साधं दिसतं: बारा नावं लिहायची, सात मैदानात, पाच राखीव. यात पगार नाही, करार नाही. प्रवेश फी वर्गणीतून, प्रवास कुणाच्या तरी पिकअपमध्ये, जेवण स्पर्धेच्या गावात पंगतीला. तरीही ही बारा नावं लिहिताना माझा हात जितका अडखळतो तितका पेपर तपासताना कधी अडखळला नाही.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि आमच्या पोरांना आपल्या खेळाला भाव असतो हे कळलं. पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार, पाटण्याने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. तेव्हा पारावर बसून आम्ही तो आकडा दोनदा वाचला होता. नऊ वर्षांनी पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांवर नेऊन घेतलं. यातली गंमत अशी की त्याच्या आदल्या हंगामात तमिळ थलायवाजने त्याच पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं, आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. अख्खा हंगाम तो बाकावर. म्हणजे न खेळलेल्या वर्षानंतर त्याचा भाव वाढला. पोरं मला विचारत होती, "असं कसं गुरुजी?" मी म्हणालो, गुडघा बरा झालाय हे त्यांनी तपासून घेतलं असेल, बाकी सगळं त्यांनी आधीच पाहिलं होतं.

परदीप नरवालची गोष्ट उलटी. पाटण्याला लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवून देणाऱ्यांत तो पहिला, पकडणाऱ्यांच्या हातांखालून वाकून निसटायची त्याची डुबकी आमच्याकडच्या पोरांनी शेणामातीच्या मैदानावर घोकून घोकून गुडघे सोलून घेतलेले. लीगमध्ये चढाईचे अठराशेहून जास्त गुण, तितके दुसऱ्या कुणाचेच नाहीत. २०२१ च्या लिलावात त्याला १ कोटी ६५ लाख मिळाले, तोवरचा तो उच्चांक होता. २०२४ ला ७० लाख. २०२५ च्या लिलावात त्याचं नाव पुकारलं गेलं आणि एकाही संघाने हात वर केला नाही. त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. लिलावात हे बरं असतं. कुणाला काही सांगावं लागत नाही, शांतताच सांगून जाते. गावात ती सोय नाही. ज्याला वगळायचं तो दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला दारात येतो.

नव्या पोरात मी काय पाहतो, हे मला बरेच जण विचारतात. चढाई पाहतो असं त्यांना वाटतं. चढाई तर सगळेच दाखवतात. हूल, हनुमान उडी, बोनस घेऊन मागे वळणं, हे आता मोबाइलवर पाहून दहावीतला पोरगाही शिकतो. मी पाहतो तो पकड हुकल्यानंतरचा क्षण. कोपऱ्यातल्याने घोटा धरला, चढाईवाला झटकून निघाला, तर मधला पोरगा उभा राहून पाहतो की अंग झोकून देतो? साखळीतला हात तो कधी सोडतो? आणि आपण बाद झाल्यावर बाहेर बसताना त्याची नजर कुठे असते? मातीकडे असेल तर वेळ लागेल. मैदानाकडे असेल, कोण कुठल्या पायावर भार देतोय हे पाहत असेल, तर त्याचं नाव मी वहीच्या मागच्या पानावर लिहितो. घोटे पाहतो ते यासाठी की रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून चालणाऱ्या पोराचा घोटा वेगळाच असतो. तो धरला तरी लवकर वळत नाही.

पण पारख म्हणजे भविष्य नव्हे. २०१८ च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागाने 'मिशन शौर्य' नावाखाली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची दहा पोरं-पोरी एव्हरेस्टला पाठवली होती. किती गाळून, किती सराव करून निवडलेली ती दहा. त्यांतली पाच शिखरावर पोहोचली. मला तो निकाल फार मोठा वाटला, आणि अजूनही वाटतो. माझ्या वहीच्या मागच्या पानावरच्या दहा नावांतली दोन जरी खुल्या गटात टिकली तरी मी त्या वर्षी खूश असतो.

शिवाय पोरगा चांगला असणं वेगळं आणि हजर असणं वेगळं. धान निघालं की स्पर्धांचे दिवस, आणि त्याच सुमारास तेलंगणात मिरची तोडाई सुरू होते. घरंच्या घरं खम्मम, वरंगलकडे निघतात. ऐन उपांत्य फेरीच्या आठवड्यात माझा डावा कोपरा दोनदा मिरचीच्या वावरात होता. त्याला थांब म्हणायला माझ्याकडे काय होतं? मंडळाचं पहिलं बक्षीस जिंकलं आणि बारा जणांत वाटलं, तरी त्याच्या तोडाईच्या मजुरीपुढे ते काहीच नाही. आणि जे मिरचीला जात नाहीत ते पोलीस भरतीच्या मागे असतात. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे पोरांना चषकापेक्षा प्रमाणपत्र प्यारं. विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राहून वेगळा उतरतो, म्हणजे आमच्या पोरांना तेवढी एक जास्तीची वाट आहे. गडचिरोली पोलीस दल दुर्गम भागातल्या पोरांसाठी वीर बाबुराव शेडमाक्यांच्या नावाने कबड्डी स्पर्धा भरवतं. इंग्रजांशी लढलेल्या आणि १८५८ साली चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या माणसाचं नाव पाठीवर घेऊन अहेरी-भामरागडची पोरं खेळतात. अशा ठिकाणी चमकलेला पोरगा दोन वर्षांत वर्दीत दिसतो. माझा संघ दुबळा होतो, आणि त्याच्या घरावर स्लॅब पडतो. मला त्यात तक्रार नाही. फक्त बाराव्या नावाची शोधाशोध पुन्हा सुरू होते.

आता माझ्या चुकीबद्दल.

आमच्याकडे एक चढाईवाला होता, सगळे त्याला दादा म्हणत. पंधरा हंगाम तो संघाचा पहिला माणूस. त्याचं नाव ऐकून समोरचे संघ आपला उजवा कोपरा बदलत. पस्तिशी ओलांडली तरी त्याचे आकडे पडले नव्हते. मी वहीत सगळं टिपतो: चढाया किती, यशस्वी किती, मोकळ्या (गुणही नाही, बादही नाही) किती, बाद किती वेळा. त्या वर्षीही दादा कमी वेळा बाद होत होता. त्याच्या जोडीला नवा पोरगा होता, एकोणीस वर्षांचा. तो गुण आणायचा, पण बादही पटापट व्हायचा. वहीकडे पाहून कुणीही सांगितलं असतं की दादा भरवशाचा, पोरगा कच्चा. मीही तेच मानत होतो.

त्याच हिवाळ्यात माझा भाचा नागपूरहून आला आणि त्याने लॅपटॉपवर बेसबॉलवरचा एक सिनेमा दाखवला. ओकलंड नावाचा गरीब संघ. २००२ साली न्यूयॉर्कच्या संघाचा पगाराचा खर्च त्यांच्या तिपटीहून जास्त, तरी त्या हंगामात दोघांनी सारखेच, म्हणजे १०३ सामने जिंकले. ओकलंडवाल्यांनी महागड्या खेळाडूंचा नाद सोडला आणि कसंही करून पहिला बेस गाठणारे जमवले, कारण बाजारात त्या गुणाला भाव नव्हता. मला बेसबॉलचं ओ की ठो कळत नाही. पण एक प्रश्न डोक्यात बसला: माझ्या वहीत कुठला रकाना नाही?

दुसऱ्या दिवशी जुनी पानं काढून बसलो. कबड्डीत संघाच्या लागोपाठ दोन चढाया मोकळ्या गेल्या की तिसरी चढाई करो या मरो. गुण आणा, नाहीतर चढाई करणारा बाद आणि समोरच्याला गुण. मी एका स्पर्धेतले सामने आठवून, पोरांना विचारून, तिसऱ्या चढाया कुणी केल्या ते शोधलं. दादाच्या नावावर दोन होत्या. पोराच्या नावावर अकरा.

मग सगळं उलगडलं. दादा पहिली चढाई करायचा, निदान रेषा ओलांडायचा, पाय दाखवायचा आणि हलकेच परत यायचा. मोकळी. तिसरीची वेळ आली की घामाने निथळत मागे उभा राहायचा आणि पोराच्या पाठीवर थाप द्यायचा, "जाय रे, दाखव." लोकांना वाटायचं, मोठ्या मनाने संधी देतोय. पोरगा सात जणांच्या भरल्या मैदानात, सगळे पकडायला टपलेले असताना आत जायचा. त्या अकरांपैकी पाच वेळा तो गुण घेऊन आला होता. दादाचे पाय मंदावल्याचं वहीत दिसत नव्हतं, कारण ज्या चढाईत ते दिसलं असतं ती चढाई त्याने सोडून दिली होती. हे त्याने ठरवून केलं असं मी आजही म्हणणार नाही. अंगाला आधी कळतं, मनाला उशिरा.

हे कळूनही अंतिम सामन्यात मी दादाला घेतलं, पोराला राखीव ठेवलं. पंधरा वर्षांची भीड होती. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे, आणि तिसरी चढाई आली. या वेळी मागे पाठवायला पोरगा नव्हता. दादा गेला. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला, बाकीचे अंगावर पडले. त्याचा हात मध्यरेषेपासून वितभर अलीकडे मातीत रुतलेला मला अजून दिसतो. हरल्याचं दुःख दोन दिवसांत गेलं. पण त्या माणसाला सगळ्यांसमोर त्या जागी मी उभं केलं, हे गेलं नाही. आदर म्हणून दिलेली जागा त्याला अपमान होऊन भेटली.

वडशाला नाट्य मंडळींची कार्यालयं आहेत. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, कलावंत आधीच ठरवावे लागतात. तिथल्या एका जुन्या व्यवस्थापकाला मी विचारलं, नायक म्हातारा झाला की तुम्ही काय करता? तो म्हणाला, "गुरुजी, आम्ही त्याला बापाचं काम देतो. एक हंगाम रुसते, मग त्याच कामाले टाळ्या पडते." मी म्हणालो, तुमच्याकडे रंग आहे, पडदा आहे, आमच्याकडे उघडं अंग आणि हॅलोजनचा उजेड. पण बस धरून परत येताना त्याचं वाक्य डोक्यातून गेलं नाही.

त्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायचे दिवस संपल्यावर मी दादाच्या घरी गेलो. वही सोबत नेली. आकडे दाखवले, तिसऱ्या चढाईचे. तो बराच वेळ पान पाहत राहिला. मग म्हणाला, "हे मले माहीत होतं जी. तुमालेच माहीत नव्हतं." चहा आला. त्यानंतर आम्ही धानाच्या भावाबद्दल बोललो.

संघ निवडणाऱ्या नव्या माणसांना मी एवढंच सांगतो: जुन्या खेळाडूला जागा देण्याआधी त्याने अलीकडे कुठली अवघड कामं टाळली ते मोजा, आणि नव्याला कच्चा म्हणण्याआधी त्याच्या वाट्याला कुठली कामं ढकलली गेली ते पाहा. आणि वगळायचं असेल तर घरी जाऊन सांगा.

या वर्षी खुल्या गटाच्या बारा नावांत दादाचं नाव नाही. राइस मिलच्या काट्यापाशी पोरांची वजनं आता तो घेतो. सामन्यात वहीही त्याच्याकडेच असते. तिसऱ्या चढाईचा रकाना तो लाल पेनाने भरतो.