चुन्याची निवळी

मी राजूरला विज्ञान शिकवतो. 'आम्ल आणि धातूचं कार्बोनेट यांच्यापासून क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो.' पोरं हे घोकतात. मीही घोकलं होतं. माझ्या शाळेत ऍसिडची बाटली कपाटात, कपाटाला कुलूप. मागच्या बाकावरल्यांनी फळा बघायचा, बस्स.

घोकलेलं दुसऱ्याचं, हातानं केलेलं आपलं. म्हणून मी कपाट उघडायची वाट बघत नाही. अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळा, बुडबुडे येतात. भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट होतो. जुन्या भिंतीचा पोपडाही लिंबानं फसफसतो. आपल्या झोपडीची भिंतच प्रयोगशाळा!

हा वायू ओळखायचा कसा? खायचा चुना रात्री पाण्यात कालवायचा, सकाळी वरची निवळी गाळून घ्यायची. वायू शिरला की ती दुधाळ होते. आपल्या उच्छ्वासातही तोच वायू. पोरं नळीनं फुंकतात. ओढायचं मात्र नाही, हे आधी बजावतो. महादेव कोळ्याचं पोर, ठाकराचं, बौद्धवाड्यातलं, पाटलाचं. निवळी सगळ्यांची दुधाळ.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं बाटलं म्हणून सवर्णांनी त्यात शेण-गोमूत्र ओतलं. पाण्यात बदललं काय होतं? कुणी तपासलं?

मित्रांनो, वस्तीत अभ्यासवर्ग घेता ना? मग पुस्तकांबरोबर चुना, लिंबू, नळी आणि काचेचा पेला न्या. पोरांना सांगा, मास्तर म्हणतो म्हणून मानू नका. करून बघा.