औषधाचे पहिले वर्ष

पुरुषाने स्त्रीचे रूप घ्यावे आणि समाजाने ते डोक्यावर घ्यावे, ही गोष्ट आपणा मराठी मंडळींना मुळीच नवी नाही. बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब कुलीन स्त्रिया उचलीत, असे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. इकडे गुजराती रंगभूमीवर जयशंकर भोजक यांना 'सुंदरी' हे नाव एका भूमिकेवरून मिळाले आणि ते जन्मभर चिकटले. पिढ्यान् पिढ्या तापीकाठी राहून दोन्ही भाषांचे मीठ खाल्लेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना ही दोन्ही नावे घरचीच वाटतात. पण तो रंगभूमीचा मामला होता. पडदा पडला, रंग पुसला, की नट आपल्या घरी पुरुष म्हणून परत जाई. ज्यांच्या बाबतीत हा वेष नसतोच, ज्यांना आपले पुरुषाचे शरीर हाच जन्मभर चढवलेला परका वेष वाटतो, अशांविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. मराठीत अलीकडे त्यांच्यासाठी 'पारलिंगी स्त्री' हा शब्द रूढ होत आहे. अशा व्यक्तीने औषधोपचार सुरू केला म्हणजे पहिल्या वर्षात काय घडते, एवढाच मर्यादित विषय येथे मांडावयाचा आहे.

विषय आमच्याकडे आला तो नात्यातून. राज्य सरकारच्या नोकरीत हयात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही नातलग पेन्शनचे, वारसाईचे, नावातील बदलाचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. दोन वर्षांपूर्वी आमची चुलत बहीण आली ती मात्र कागदावाचून. तिचे धाकटे अपत्य तेवीस वर्षांचे, कापड बाजारातील एका पेढीत संगणकावर साड्यांची डिझाइने काढणारे. "दादा," ती म्हणाली, "तो म्हणतो मी मुलगी आहे. डॉक्टरकडून औषध घेणार म्हणतो. अडवू कसे ते विचारायला आले नाही. ते औषध पोटात गेल्यावर माझ्या लेकराचे काय होणार, एवढे मला कोणी नीट सांगेल का?" प्रश्न रास्त होता. आम्ही भाचीला भेटलो (यापुढे तिचा उल्लेख तिला हवा तसाच करतो), आणि तिच्या संमतीने तिघेही अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. कचेरीच्या सवयीप्रमाणे आम्ही प्रश्न कागदावर लिहून नेले होते: काय बदलते, केव्हा बदलते, काय बदलत नाही, काय परत फिरत नाही, आणि धोका कोठे आहे.

औषधे मुख्यतः दोन जातींची असतात. पहिले इस्ट्रॅडिओल, म्हणजे स्त्रीच्या शरीरात तयार होणाऱ्या संप्रेरकाचेच रूप. ते गोळी, त्वचेवर लावायचे जेल वा पट्टी, किंवा इंजेक्शन यांतून देतात. दुसरे पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन याला आवर घालणारे औषध. स्पायरोनोलॅक्टोन आणि सायप्रोटेरॉन ही त्यांतली नेहमीची नावे. यांपैकी स्पायरोनोलॅक्टोन आपल्यातील पुष्कळ वृद्धांच्या ओळखीचे असेल, कारण रक्तदाब व हृदयविकार यांतही ते देतात. त्यामुळे लघवी वारंवार होते, रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येऊ शकते आणि रक्तातील पोटॅशियम वाढण्याची भीती असते. सुरतेच्या उन्हाळ्यात दिवसभर काम करणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. सायप्रोटेरॉन अल्प मात्रेतच द्यावे, असा आता तज्ज्ञांचा कल आहे. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका वाढतो, असे आढळले आहे.

आता कालक्रम. पहिल्या एक ते तीन महिन्यांत बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. जे बदलते ते आत: कामेच्छा मंदावते, पुरुषी उत्तेजना आपोआप येणे कमी होते. तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ होऊ लागते, तेलकटपणा घटतो. स्तनाग्रामागे लहानशी, दुखरी गाठ हाताला लागते. वयात येणाऱ्या मुलीला लागते तशीच ती असते, आणि तिने घाबरून जाऊ नये. याच सुमारास चरबी नितंब व मांड्यांकडे वळू लागते, स्नायूंचे बळ थोडे कमी होते. अंगावरचे केस विरळ होण्यास सहा महिने ते वर्ष लागते. स्तनांची वाढ पूर्ण होण्यास दोन ते तीन वर्षे जातात, आणि ती किती होईल हे आधी कोणी सांगू शकत नाही. मात्रा वाढवली म्हणजे वाढ लवकर होईल, हा समज खोटा आहे. मनःस्थितीबाबत अनुभव निरनिराळे. पुष्कळांना निवांतपणा येतो, काहींना लवकर रडू येते. पूर्वीची खिन्नता असेल तर तिचा वेगळा उपचार चालू ठेवावा लागतो.

काय बदलत नाही, हेही आरंभीच सांगितलेले बरे. फुटलेला आवाज या औषधांनी बारीक होत नाही. त्यासाठी वाणीचा सराव करावा लागतो. उंची, हाडांची ठेवण, कंठमणी जसाच्या तसा राहतो. दाढी नाहीशी होत नाही. तिच्यासाठी लेझर किंवा विद्युत् प्रक्रिया करावी लागते. गेलेले डोक्यावरचे केस परत येतीलच असे नाही. आमच्या भाचीची खरी निराशा आवाजाबद्दल होती, आणि ती तिने त्याच दिवशी पचवली हे चांगले झाले.

परत न फिरणाऱ्या गोष्टी दोन. औषध थांबवले तर त्वचा, चरबी, स्नायू बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. वाढलेले स्तन मात्र आपोआप जात नाहीत. दुसरी गोष्ट संततीची. शुक्राणूंची निर्मिती घटते आणि ती पुन्हा पूर्ववत होईल याची खात्री नसते. म्हणून ज्यांना पुढे स्वतःचे मूल हवे असेल त्यांनी औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वीच शुक्राणू गोठवून ठेवावेत, असे डॉक्टर सुचवतात. गोध्र्याच्या एका पारलिंगी स्त्री डॉक्टरने आणंद येथे असे केल्याची बातमी २०२१ मध्ये वृत्तपत्रांतून आपण वाचली असेल. उलट दिशेचीही एक सूचना आहे: हे औषध गर्भनिरोधक नव्हे, त्याच्यावर त्या कामी विसंबू नये.

धोक्याच्या प्रश्नाशी आलो तेव्हा भाची मान खाली घालून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी चार महिने गोळ्या घेते आहे." कोणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती औषधांच्या दुकानातून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या आणून दुप्पट-तिप्पट घेत होती. बहिणीचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले ते असे: माला-डीसारख्या गोळीत इथिनाइल इस्ट्रॅडिओल हा कृत्रिम पदार्थ असतो. या कामासाठी लागणाऱ्या मोठ्या मात्रेत तो घेतला तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका साध्या इस्ट्रॅडिओलपेक्षा बराच अधिक. गोळीतील दुसरे द्रव्य, लेव्होनॉरजेस्ट्रेल, याचा तर किंचित पुरुषी गुणच असतो. म्हणजे पैसे जातात, धोका वाढतो आणि हवे ते मिळत नाही. त्यात विडी-सिगारेट असेल तर संकट दुप्पट. एका पायाची पोटरी सुजून दुखणे, एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे, ही गुठळीची लक्षणे. ती दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि आपण कोणते औषध घेतो ते तेथे न लपवता सांगावे.

त्या शेवटच्या चार शब्दांतच आम्हाला सगळ्या विषयाचे मर्म दिसले. औषध योग्य देखरेखीखाली घेतले तर ते फार मोठे साहस नाही. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, त्यात दोन्ही संप्रेरकांची पातळी, पोटॅशियम, यकृत व मूत्रपिंड यांचे काम. टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅमच्या खाली आले की नाही ते पाहणे. मग मात्रा थोडी थोडी जुळवणे. एखाद्या मधुमेह्याच्या घरात जेवढी शिस्त लागते तेवढीच ही. धोका लपवाछपवीत आहे. जे घर दार लावते, त्या घरातले मूल औषध सोडत नाही, डॉक्टर सोडते. देशातील पारलिंगी व्यक्तींमध्ये अशा परस्पर घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचा वापर वैद्यकीय लेखनात वारंवार नोंदला गेला आहे, आणि त्यामागे घरच्यांचे भय नसते असे क्वचितच असेल.

आमच्या पिढीला हा मनाचा रोग वाटत असे, आणि वैद्यकशास्त्रालाही पूर्वी तसेच वाटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ च्या जानेवारीत लागू झाली, तीत ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेण्यात आली. न्यायालयांचेही पाऊल पुढे पडत गेले. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आसामातील एका एकवीस वर्षांच्या व्यक्तीचे प्रकरण आले. घरच्यांच्या विरोधामुळे तिची शस्त्रक्रिया अडली होती. सज्ञान व्यक्तीला ती करून घेण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही, असे न्यायालयाने मानले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्याचा निकाल दिला. २०१९ च्या कायद्यात शासनाने संप्रेरक उपचारांची सोय करावी अशी तरतूद घालण्यात आली. आपल्या बडोद्यात २५ नोव्हेंबर २०२० रोजी 'गरिमा गृह' हे आश्रयस्थान सुरू झाले. प्रमाणपत्रांचे नियम मात्र बदलत असतात. ऐकीव माहितीवर न जाता जिल्हाधिकारी कचेरीत चालू नियम विचारून घ्यावा, एवढा जुना कारकुनी सल्ला आम्ही देऊन ठेवतो.

भाचीचे पहिले वर्ष पार पडले. तिचे वडील सहा महिने तिच्याशी बोलले नाहीत. पण तिसऱ्या रक्ततपासणीला स्कूटरवरून तेच तिला घेऊन गेले. नव्या नावाने त्यांनी अजून हाक मारलेली नाही. बहीण मारते, आणि चुकली तर पुन्हा मारते. शेरीतल्या चार बायकांनी विचारलेच, तेव्हा "औषध चालू आहे, प्रकृती ठीक आहे," एवढेच उत्तर तिने दिले, आणि ते खरेही होते. शरीर इतक्या सावकाश बदलते हे एका परीने घरच्यांवर उपकारच आहेत. त्यांनाही शिकायला तेवढाच वेळ मिळतो.

आपल्यापैकी कोणाच्या दारी असा प्रश्न उद्या आला, तर लोक काय म्हणतील, लग्नाचे काय, गणपतीत पाहुण्यांना काय सांगायचे, हे प्रश्न मनात येणारच. ते थोडे थांबू शकतात. आधी दोनच गोष्टी विचाराव्यात: औषध कोण देते, आणि पुढची रक्ततपासणी केव्हा आहे. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.