चार केल्विनची तयारी

दहा मायक्रॉनच्या तरंगलांबीला अंधार असा नसतोच. भिंत, टेबल, माझा हात, दुर्बिणीचा आरसा, कॅमेऱ्याचं झाकण, खोलीच्या तापमानाला असलेली प्रत्येक वस्तू तिथे स्वतःच प्रकाशत असते. त्या उजेडात दूरच्या ताऱ्याभोवतीची धूळ टिपायची म्हणजे भर दुपारी काजवा शोधायचा. म्हणून अवरक्त कॅमेऱ्याची तयारी ही मुख्यतः त्याला गार करायची तयारी असते.

मी हे काम केलं ते ‘सोफिया’साठी. नासा आणि जर्मनीची अवकाशसंस्था डीएलआर यांची ही वेधशाळा एका बोइंग ७४७एसपी विमानात होती. हे विमान १९७७ साली पॅन ॲमच्या ताफ्यात प्रवासी विमान म्हणून दाखल झालं होतं. पुढे त्याच्या मागच्या अंगाला मोठं दार कापून आत २.७ मीटर व्यासाचा आरसा बसवला. कॅलिफोर्नियातल्या पामडेलहून संध्याकाळी उड्डाण, रात्रभर ३८ ते ४५ हजार फुटांवर निरीक्षणं, पहाटे परत. वातावरणातली पाण्याची वाफ अवरक्त किरण गिळून टाकते, आणि त्या उंचीवर ९९ टक्क्यांहून जास्त वाफ विमानाच्या खाली राहते. एवढा सगळा खटाटोप त्यासाठी.

कॅमेरा मात्र दुर्बिणीच्या उघड्या कप्प्यात नसे. हवाबंद भिंतीच्या अलीकडे, माणसं बसत त्या केबिनमध्ये तो दुर्बिणीला जोडलेला असे. इथेच आमच्या कामातली खरी ओढाताण सुरू होई. आतला गार भाग बाहेरच्या डब्याला जितक्या बारीक आधारांनी जोडावा, तितकी आत शिरणारी उष्णता कमी. विमानसुरक्षेचा नियम नेमका उलटा: विमान आदळलं तरी उपकरणाने वजनाच्या नऊपट ओढ सोसून जागा सोडता कामा नये. म्हणजे आधार जाड हवेत. फायबरग्लासच्या पातळ नळ्या नाहीतर पट्ट्या घेऊन दोन्ही बाजू सांभाळायच्या, आणि प्रत्येक आकडा गणिताने सिद्ध करून द्यायचा. त्यात ॲल्युमिनियम खोलीच्या तापमानापासून चार केल्विनपर्यंत, म्हणजे द्रवरूप हेलियमच्या तापमानापर्यंत, जाताना हजारात चार भाग आकसतं. तीस सेंटिमीटरच्या पट्टीत हा फरक मिलिमीटरहून जास्त भरतो. टेबलावर अचूक जुळवलेली भिंगं गार झाल्यावर कुठे सरकणार, हे आधीच ओळखून ती जुळवावी लागतात.

गार करण्याचा विधी सावकाश चालतो. आधी डबा निर्वात करायचा. पंप लावायचा आणि वाट बघायची. धातूला, उष्णता अडवणाऱ्या मायलरच्या थरांना चिकटलेलं पाणी हळूहळूच सुटतं. मग लीक डिटेक्टर जोडून प्रत्येक सांध्यावरून हेलियमची बारीक फुंकर फिरवायची. आकडा हलला की तो सांधा गळतोय. त्यानंतर हेलियमच्या टाकीत आधी द्रवरूप नायट्रोजन ओतायचा, कारण हेलियम महाग, आणि एक ग्रॅम नायट्रोजन उकळताना जेवढी उष्णता शोषतो, तिचा जेमतेम दहावा हिस्सा एक ग्रॅम हेलियम शोषतं. धातू ७७ केल्विनला स्थिरावला की तो नायट्रोजन पूर्ण, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत काढायचा. थोडा जरी राहिला तरी हेलियम येताच तो गोठून तळाशी बसतो आणि हेलियम त्यालाच गार करत संपून जातं. टाकीचं तापमान ७७च्या वर सरकायला लागलं की टाकी कोरडी झाली असं समजायचं. माझ्या मते या कामातला सगळ्यात कसोटीचा क्षण तोच. घाई इथेच नडते.

हेलियमच्या नळीच्या तोंडाशी तर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. बाहेरची दमट हवा आत शिरली तर गोठून बूच बसतं, आणि खाली हेलियम उकळतच असतं. द्रवाचा वायू होताना आकारमान सातशे पटींहून जास्त वाढतं. म्हणून दाब सोडायच्या वाटा एकाहून अधिक ठेवतात; आणि तो वायू हवेची जागा घेतो म्हणून केबिनमध्ये ऑक्सिजन मोजणारी यंत्रं असत.

मग लॉकवायर. बाहेरच्या स्क्रूंच्या डोक्यांतल्या भोकांतून तार ओवायची, पक्कडीने पीळ द्यायचा आणि शेजारच्या स्क्रूला अशा दिशेने बांधायची की एक सैल व्हायला लागला तर दुसरा आवळला जावा. टॉर्क रेंचचा आकडा वहीत, माझी सही, आणि स्वतः पाहिल्यावर दुसऱ्या माणसाची सही. प्रयोगशाळेतून आलेल्या अनेकांना हा कागदी व्याप वाटतो. मला तो पटतो. त्या केबिनमध्ये रात्रभर माणसं बसणार असत.

सोफियावरच्या पहिल्या प्रकाशाचा, म्हणजे पहिल्या निरीक्षणाचा, मान फोरकास्ट या कॅमेऱ्याला मिळाला. कॉर्नेल विद्यापीठात टेरी हर्टर यांच्या नेतृत्वाखाली तो घडला. त्यात दोन डिटेक्टर, एक आर्सेनिक आणि दुसरा अँटिमनी मिसळलेल्या सिलिकॉनचा. दोन्ही मिळून ५ ते ४० मायक्रॉन. मे २०१०मध्ये त्याने गुरू आणि एम ८२ दीर्घिका टिपली. याच उपकरणाने ६.१ मायक्रॉनला चंद्रावरच्या क्लेव्हियस विवराजवळ, भर उन्हातल्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूची खूण शोधली. २०२०मध्ये ते जाहीर झालं. अशा उपकरणाचं मला सर्वांत मोल वाटतं ते एका गोष्टीसाठी: ते सकाळी परत येतं. झाकण उघडता येतं, फिल्टर बदलता येतो. अवकाशात गेलेल्या दुर्बिणीला अशी सकाळ नसते.

सोफियाची निरीक्षणं सप्टेंबर २०२२मध्ये थांबली. विमान आता टूसॉनच्या पिमा संग्रहालयात आहे. अवकाशातली वेब दुर्बीण २८ मायक्रॉनपर्यंत बघते. तिथून जवळजवळ तीनशे मायक्रॉनपर्यंतच्या पट्ट्यासाठी आज कायम चालणारी वेधशाळा नाही. अधूनमधून बलूनखाली दुर्बिणी सोडतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनखाली एक मीटरची दुर्बीण सोडून, जपानी वर्णपटमापकाने १५८ मायक्रॉनवर कार्बनच्या आयनांचा प्रकाश मोजला आहे. म्हणजे हे कसब आपल्याकडेही आहे. भौतिकशास्त्र किंवा यांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींनी संधी मिळाली तर एखाद्या क्रायोस्टॅटवर, म्हणजे अशा गार डब्यावर, स्वतःच्या हातांनी काम करावं. पुढची दुर्बीण बलूनखाली असो की विमानात, तिच्या कॅमेऱ्यासाठी हे कसब असलेली माणसं लागणारच आहेत.