पाव फेऱ्याचा फरक

खंडाळा म्हटलं की लोकांना लोणावळ्याच्या शेजारचा आठवतो. आमचा खंबाटकीच्या पायथ्याचा, सातारा जिल्ह्यातला. हायवे सोडून आत वळलं की माझ्या रानाची वाट लागते. काळी, चिकट, पावसाळ्यात पायातली चप्पल ठेवून घेणारी. उन्हाळी कांदा चाळीत भरायचा आणि भाव बघून पावसात लोणंदला न्यायचा, म्हणजे ऐन चिखलातच पिकअप भरायची. मागची चाकं जागेवर गरगरायची आणि ट्रॅक्टरवाल्याला बोलवावं लागायचं. दोन पावसाळे हे सोसलं आणि जुन्या जीपचा पुढचा अॅक्सल नि ट्रान्सफर केस भंगारातून उचलून आणली.

मला वाटलं होतं, पुढचा साधा बीम काढायचा, त्याजागी हा चालता अॅक्सल बसवायचा, झालं फोर बाय फोर. शिरवळच्या मिस्त्रींनी हातातला चहा आधी संपवला. मग म्हणाले, "मालक, दात मोजलेत का?"

मागचं एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, गाडी न्यूट्रलला. शाफ्टवर खडूची रेघ. मी चाक बरोब्बर दोन फेरे फिरवायचं, त्यांनी खाली झोपून शाफ्टचे फेरे मोजायचे. दोनच का? तर दुसरं चाक थांबलेलं असलं की डिफरन्शिअल हिशेब निम्मा करतो. मागे पाच फेरे आणि वर थोडंसं भरलं. बाकावर ठेवलेल्या जीपच्या अॅक्सलचेही तसेच मोजले, तर पाच आणि वर तिसऱ्या हिश्शाहून जास्त. झाकण काढल्यावर खात्री झाली : मागे ४१ ला ८, पुढे ४३ ला ८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचा पाव फेरा फरक. तसंच जोडलं असतं तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहिली असती आणि कुठला तरी दात नाहीतर क्रॉस तुटला असता. ४१-८ चा क्राऊन-पिनियन मिळायला पुण्याच्या जुन्या बाजारात तीन खेपा झाल्या.

बाकीचं वेळखाऊ, पण सरळ. मागचा शाफ्ट लेथवर आखूड केला. पुढचा अॅक्सल सम्पला लागत होता, म्हणून पाट्यांत एकेक पान वाढवलं. ट्रान्सफर केसचं तोंड आणि पुढचा डिफरन्शिअल एकाच बाजूला आले, ते मात्र नशीब.

पहिल्या दमदार पावसात भरली गाडी वाटेवर घातली. खरं सांगतो, चार चाकांपेक्षा 'लो' गिअरनं जास्त काम केलं. माणूस चालतो त्याच्याहून हळू, पण न थांबता गाडी वर आली. टायरच्या खाचा मातीनं बुजल्या की चारही चाकं लाडवासारखी गुळगुळीत होतात, तिथं कुठलीच युक्ती चालत नाही. खाचा मोठ्या असलेले टायर आधीच घेतले असते तर निम्मा खर्च वाचला असता, पण तेव्हा ऐकतो कोण!

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात. चिखलात ती घसरून जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर स्टिअरिंग दगड होतं. म्हणून रस्त्याला लागताना दांडी पुन्हा टू-व्हीलवर टाकायची, हे पाठ केलं.

पण रस्त्याला लागायचीच सोय नव्हती. आरसी बुकात हा बदल चढवायला गेलो तेव्हा कळलं : मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. हे दात मोजायच्या आधी विचारायला हवं होतं.

आता पिकअप रानातच फिरते. चाळीतून कांदा भरून डांबरीच्या मोरीपर्यंत आणते. तिथं भाड्याचा टेम्पो उभा असतो, त्यात गोण्या पुन्हा चढवायच्या. हमाली दुप्पट. आमचे आप्पा छत्री धरून मोरीवर बसतात आणि गोण्या मोजतात. परवा टेम्पोवाल्यानं कौतुकानं वाकून पुढचा अॅक्सल बघितला. आप्पा म्हणाले, "लई पळती, पन मोरीपतूर."