मेनेसिंगली म्हणजे काय रे?

मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे आमच्या विंगमधले इंग्रजी अर्ज लिहिण्याचं कंत्राट माझ्याकडेच. गेल्या वर्षी फर्स्ट इयरचा एक मुलगा आला. एका सिनियरने त्याला धमकावलं होतं. मी झोकात लिहून दिलं, 'ही स्पोक टु मी मेनेसिंगली.' शब्दावर मीच खूश!

रेक्टर सरांनी अर्ज वाचून विचारलं, "मेनेसिंगली म्हणजे? काय केलं त्याने?"

मी म्हणालो, "धमकीच्या सुरात बोलला, सर."

"ते कळलं रे. पण केलं काय?"

मग तो मुलगाच बोलला. "दाराला पाठ लावून उभा राहिला. ओरडला नाही. हसत म्हणाला, तुझी बहीण कुठल्या कॉलेजात जाते ते मला माहीत आहे."

सर एकदम गप्प झाले. मला माझ्याच इंग्रजीची लाज वाटली. एवढी मोठी गोष्ट मी एका शब्दात गुंडाळून टाकली होती.

रूमवर येऊन डिक्शनरी काढली. 'मेनेस'चं मूळ लॅटिन, अर्थ धमकी. 'थ्रेटनिंगली'त बहुतेक वेळा धमकी उघड असते. 'मेनेसिंगली'ला तोंड उघडायचीही गरज नाही. काळे ढग, गुरगुरणारा कुत्रा, सगळ्यांना तो चालतो. आणि गंमत म्हणजे १९५१ साली सुरू झालेल्या कार्टूनमधला खोडकर डेनिससुद्धा 'मेनेस'च! तो सिनियरही नंतर हेच म्हणाला, "सर, मस्ती चालली होती."

आपल्या मराठीत डोळे वटारून, दरडावून, दात-ओठ खाऊन, अंगावर धावून असं म्हणतात. माणसाने काय केलं ते डोळ्यांसमोर दिसतं. पण हा पठ्ठ्या तर हसत होता! त्याला यातलं एकही लागू पडेना. अशा वेळी घडलं ते जसंच्या तसं लिहावं, हेच खरं.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात धमकावणं हेसुद्धा रॅगिंगच आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पण त्यासाठी काय घडलं ते आधी कागदावर यायला हवं ना!

दुसरा अर्ज त्याने स्वतः लिहिला, मराठीत, साडेचार ओळींचा. त्यावर कारवाई झाली.

माझं कंत्राट अजून चालू आहे. फक्त आता पेन उघडण्याआधी मी विचारतो, "ते राहू दे, त्याने केलं काय?"